शेणव्याच्या पत्रावळी

माणसं काशी-रामेश्वर करून येतात आणि मग प्रवासाचं लिहितात. मी शहापूर तालुक्यातलं शेणवे करून आले, तेही पत्रावळी आणायला. ‘त्यात मेलं लिहिण्यासारखं काय?’ असं आमच्या दादरच्या शेजारणीनं नाक मुरडून विचारलंच. तिला म्हटलं, आधी वाच, मग खुशाल मुरड.

झालं असं. माझा धाकटा भाऊ सदू मुरबाडला असतो. तांदळाचा व्यापार, थोडी शेती, गावात मान. सगळा गाव त्याला आप्पा म्हणतो, मी आपली सदूच म्हणते. त्याच्या लेकीचं, कुसुमचं लग्न गिरगावातल्या स्थळाशी ठरलं. खरेदीसाठी तो माझ्याकडे उतरला होता. चहा पिता पिता खाली मान घालून म्हणाला, ‘‘अक्का, जेवणाला बश्या सांगाव्या लागणार. मुलाच्या मामांचा निरोप आलाय. त्यांच्याकडची माणसं म्हणे पत्रावळीवर जेवत नाहीत. कल्याणला चिनी मातीच्या बश्या भाड्यानं मिळतात.’’

‘‘भाड्याच्या बश्या? तात्यांच्या मांडवात?’’ आमच्या वडिलांचं, तात्यांचं नाव घेताना माझा आवाज चाळीत खालपर्यंत गेला असणार. ‘‘अरे, कुठल्या कुठल्या लग्नात कोणाकोणाची खरकटी झालेल्या त्या! आणि त्यावर माझी कुसुम पहिला घास घेणार?’’

‘‘बरं, मग पत्रावळी तरी आहेत कुठं?’’ सदू म्हणाला. ‘‘लढाईमुळं मुंबईत पितळेचं भांडं मिळेना, तर खाणावळवाले पत्रावळींवर आलेत. मुरबाडच्या बाजारातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या कल्याणवरून मुंबईला गेल्या.’’

म्हणजे बघा गंमत! मुंबई पत्रावळीवर जेवणार आणि मुरबाडनं बश्या मागवायच्या.

मला राग आला तो उगाच नाही. पत्रावळ म्हणजे गरिबाघरचं ताट, असं या शहरी लोकांना वाटतं. अहो, पितळ कालचं. पत्रावळ त्याच्या किती आधीची! आजही आपल्या घरात पितळेची, चांदीची ताटं मांडली तरी आपण काय म्हणतो? ‘पानं घेतली का?’ ‘पान वाढलंय, चला.’ ताट आलं, पाट आला, टेबलही येईल उद्या. पण जेवायला बसतो ते आपण पानावरच. मीठ पानाच्या वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डाव्या हाताला, भाजी उजव्या हाताला, ही सगळी मांडणी पानानं शिकवलेली. मुंजीत बटूच्या हातात दंड देतात तो पळसाचा. देवाला नैवेद्य दाखवतात तो पानावर. चिनी मातीच्या बशीत नैवेद्य कोणी बघितलाय का?

आणि आमच्या घरात तर पंगतीची एक रीतच होती. पहिल्या पंगतीची उष्टी पानं घरधन्यानं आपल्या हातानं काढायची. तात्या एवढे करारी, पण लग्नकार्यात धोतराचा सोगा खोचून पंगतीत वाकायचे. म्हणायचे, जेवलेल्या माणसाचं पान उचलायला मिळणं हे भाग्य आहे. सदूनंही ती रीत सोडलेली नाही, हे मला कबूल केलंच पाहिजे.

तर मी त्याला म्हटलं, ‘‘पत्रावळी मी आणते. अशा आणते की तुझ्या विहीणबाई उलटून पालटून बघत बसतील.’’

‘‘हळदीच्या सकाळपर्यंत आण. नाहीतर कल्याणहून बश्यांची गाडी निघाली म्हणून समज.’’

जीभ माझी, पैज माझी. दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि निघाले.

आसनगाव ते शेणवे

मनात बेत पक्का होता. लहानपणी आमच्याकडे हिरीबाई नावाची बाई डोक्यावर पत्रावळींचा भारा घेऊन यायची. शेणव्याच्या पलीकडच्या पाड्यावरची. तिच्या पत्रावळीतून वरणाचा थेंब गळायचा नाही. आई म्हणायची, ‘हिरीच्या पत्रावळीत पाणी भरून देवाला न्यावं.’ तिला गाठायचं, एवढंच मला ठाऊक. ती जिवंत आहे की नाही, हेही माहीत नव्हतं.

आसनगावला उतरले आणि टांग्यानं शहापूर गाठलं. बाजारातल्या हॉटेलात गरम भजी खाल्ली. तिथंच भिवा गाडीवान भेटला. मीठ, गूळ घेऊन शेणव्याकडे परत चालला होता. म्हणाला, ‘‘बसा बाय. पण गाडीत ऐसपैस बसाया नाय गावायचं, मिठाच्या गोणीवर बसावं लागंल.’’

मिठाच्या गोणीवर बसून मी चालले. शहापूर मागं पडलं आणि दोन्ही बाजूला रान सुरू झालं. शिमगा नुकताच होऊन गेलेला. जिकडे बघावं तिकडे पळस फुललेला, सगळं रान शेंदरी. मी आपली हरखून गेले. ‘‘भिवा, काय फुललाय रे पळस!’’

‘‘फुलनार तर! पानं झडली का तो फुलतोच.’’

गाडीच्या एका गचक्यासरशी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वर बघितलं. झाडाला फुलंच फुलं, आणि पान? औषधाला नाही! ‘कुठंही जा, पळसाला पानं तीनच’ असं म्हणतात. मी गेले तर एकही नव्हतं.

मला माझीच लाज वाटली. मुरबाडची लेक म्हणवते, पत्रावळीचे गोडवे गाते आणि फाल्गुनात पळसाला पान नसतं एवढंही विसरले. दादरच्या फुटपाथवरून चालत इतकी वर्षं काढली की असं होतं.

भिवानं माझं तोंड बघून विचारलं, ‘‘काय झालं बाय? मीठ टोचतंय काय?’’

‘‘टोचतंय रे बाबा, पण मीठ नाही,’’ मी म्हटलं.

पाड्यावर

शेणव्यापासून पाडा पायी. भिवानं वाट दाखवली आणि माझी पिशवी खांद्यावर घेतली. दहा-पंधरा कुडाची घरं, शेणानं सारवलेली अंगणं, मधोमध एक मोठा आंबा. आंब्याखाली एक म्हातारी पाठ ताठ ठेवून बांबूच्या काड्या तासत बसली होती. पत्रावळीची पानं टाचायला लागतात त्या बारीक काड्या, चोया म्हणतात त्यांना. मी ओळखलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

‘‘तात्यांची दुर्गी नाय का गो तू? नाक तात्यांचंच हाय.’’

मला एकदम रडूच आलं. नाकावरून ओळखणारं माणूस आता दुसरं कोण उरलंय? मी तिथंच तिच्याशेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. बश्या, मामा, पैज, पळस, सगळं.

हिरीबाई एवढी हसली की तिची सून पारू घरातून बाहेर आली. ‘‘ऐक गो पारे! मुंबईची बाय शिमग्याला पळसाची पानं शोधाया आली!’’

‘‘हस, हस,’’ मी म्हटलं. ‘‘पण काही मार्ग आहे की नाही ते सांग.’’

ती उठली आणि मला घरात घेऊन गेली. चुलीच्या वर माळा होता. धुरानं काळाभोर झालेला. त्यावर पळसाच्या पानांच्या चळती दोरीत ओवून, वर दगड ठेवून दाबलेल्या. पारूनं सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. पाऊस संपला की पान मोठं आणि जून होतं, तेव्हा ते खुडायचं. फांदी तोडायची नाही, पान खुडायचं. मग दाबून वाळवायचं आणि चुलीच्या धुरावर ठेवायचं, म्हणजे कीड लागत नाही. कार्य निघालं की पाणी शिंपडायचं, पान पुन्हा लवचीक होतं.

‘‘तुझ्याकडे एवढी पानं आहेत!’’ मी टाळीच वाजवली. ‘‘सगळी मला दे, हिरीबाई. काय सांगशील ते देते.’’

हिरीबाईचं हसू मावळलं. ‘‘बाजाराच्या पत्रावळी आमी इकतो. त्या कवाच गेल्या. ही लग्नाची पानं हायेत, माज्या नातवाच्या. लग्नाचं पान इकत नाय गो आमी.’’

मग तिनं मला पाड्याची रीत सांगितली. कोणाच्याही घरी लग्न निघालं की सगळ्या पाड्यानं त्या अंगणात जमायचं आणि पत्रावळी लावायच्या. तांदूळ एकाचा, लाकूड दुसऱ्याचं, पण पान सगळ्यांच्या हातचं. आणि ज्यानं पान लावलं त्यानं त्या मांडवात जेवायचं. बोलावणं वेगळं लागत नाही, टाचलेलं पान हेच बोलावणं.

‘‘नातवाचं लगीन वैशाखात हाय,’’ पारू हळूच म्हणाली. ‘‘तवर नवी पालवी येल की, आत्याबाय. हिरव्या पानावर जेवूं आमी.’’

हिरीबाईनं माळ्याकडे वर बघितलं. मग म्हणाली, ‘‘पानं देतंय. लावून बी देतंय. पर मग तो मांडव आमचा झाला.’’

‘‘हो तर! या ना सगळ्या! मी आमंत्रण देते.’’

तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. ‘‘परसात का मांडवात?’’

मी नजर चुलीकडे वळवली.

‘‘तुज्या लग्नातली पानं बी मीच लावली व्हती, दुर्गे. तुला काय ठावं, तू नवरी. जेवलो आमी परसात, गोठ्याच्या अंगाला, समद्यांच्या मागनं. वरान थंड झालेलं. मी तात्यांना कायसुदीक बोलले नाय. पर मनात म्हनलं, हिरे, तुजं पान मांडवात बसलं आनि तू गोठ्यात.’’

हे मला खरंच ठाऊक नव्हतं. ज्या पत्रावळीवर मी नवऱ्याला पहिला घास भरवला, ती लावणारी गोठ्याकडे बसली होती. तात्यांचा मला अभिमान आहे आणि तो जाणार नाही. पण उष्टी काढायला वाकणाऱ्या तात्यांना हे दिसलं कसं नाही, हे मला आजही कळत नाही.

‘‘मांडवात,’’ मी म्हटलं. ‘‘पहिल्या पंगतीत. माझा शब्द.’’

‘‘शबुद तुजा. घर भावाचं,’’ हिरीबाई म्हणाली. पण माळ्याची शिडी तिनंच लावली.

दुपारी आंब्याखाली पाडाभरच्या बाया जमल्या. मीही पदर खोचून बसले. मधे एक मोठं पान, भोवती बाकीची, एकावर एक अर्धी चढवत जायची आणि चोयेनं टाका घालायचा. बघायला सोपं. माझी पहिली पत्रावळ उचलली तर तिचे तीन तुकडे झाले. दुसरीतून पलीकडचा आंबा दिसत होता.

‘‘ही नवऱ्याला वाढ गो, मुंबईवाले,’’ एकजण म्हणाली. ‘‘वरान खाली आनि भात वर, कालवायाची कटकट नाय!’’

‘‘माझा नवरा गरीब आहे, काही बोलायचा नाही,’’ मी म्हटलं, आणि सगळ्या खिदळल्या.

संध्याकाळपर्यंत मला जरा बरी जमायला लागली. हिरीबाई प्रत्येकीच्या चळतीतली एक काढून त्यात तांब्याभर पाणी ओतायची. गळली तर उसवून पुन्हा. माझ्या सगळ्याच तिनं तपासल्या. एक गळकी निघाली ती उसवू लागली, तेव्हा मी म्हटलं, राहू दे, माझी आठवण. शेवटी तिनं नवरा-नवरीसाठी एक भली मोठी पत्रावळ लावली. टाका कुठं घातलाय ते शोधून सापडेना.

जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं कालवण आणि चुलीत भाजलेली सुकट. तेही पळसाच्याच पानावर. मी विचारलं, जेवून झाल्यावर पानांचं काय करता? पारू म्हणाली, ‘‘गुरं खातात, उरलं ते खतात जातं. खत भाताच्या शेतात.’’ म्हणजे ज्या पानावर भात जेवायचा ते पान पुढच्या भातालाच खाऊ घालायचं. आमच्या दादरला खरकटं कुठं जातं हे मला सांगता यायचं नाही.

किन्हवलीवरून सरळगाव

पहाटे भारे डोक्यावरून शेणव्याला आणून भिवाची गाडी पत्रावळींनी भरली. हिरीबाई, पारू आणि आणखी तिघी निघाल्या. म्हातारी गाडीत, बाकीच्या चालत. पाड्यावरची बाकीची मंडळी म्हणाली, पाच जणी गेल्या म्हणजे पाडा गेला.

मधेच मी माझी अक्कल पाजळली. किन्हवलीच्या अलीकडे विसाव्याला थांबलो. हिरीबाईचा डोळा लागलेला, बाकीच्या पाणी आणायला गेलेल्या. मी भाऱ्यात हात घातला तर पत्रावळी ओलसर. पहाटेचं दव! बुरशी धरेल, असं म्हणून मी भारे सोडले आणि पत्रावळी उन्हात ओळीनं मांडल्या. वर स्वतःवर खूश. थोड्या वेळानं बघते तर काय, सगळ्या पापडासारख्या वर वळल्या होत्या. एक उचलली तर कुरकुर आवाज आला.

हिरीबाई जागी झाली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, ‘‘अगो बाय माजे! मी मुद्दाम ओल मारली व्हती त्याला! नवरीला वाळवन वाढनार काय तू?’’

पारूनं पळत येऊन पत्रावळी गोळा केल्या. मग काळू नदी आली. नदीत पाणी गुडघ्याएवढं होतं. पाची जणींनी ओल्या हातानं एकेक पत्रावळ पुसली, चळती लावल्या, वर नदीतले सपाट गोटे ठेवले आणि भिवाची घोंगडी भिजवून पांघरली. मी गोटे वाहिले. तेवढंच काम मला दिलं.

त्या नदीकाठी बसून मला दुसरीच काळजी लागली. पत्रावळी तर वाचल्या. पण मी सदूला न विचारता शब्द देऊन बसले होते. सदू वाईट नाही. पण चार लोक काय म्हणतील याची धास्ती त्याला लहानपणापासून आहे. त्यातून गिरगावची माणसं. हिरीबाईनं माझ्याकडे बघितलं आणि काय ते ओळखलं असावं.

‘‘परत फिरायचं आसंल तर आताच सांग,’’ ती म्हणाली. ‘‘आमाला दोनदा गोठ्याकडं बसवू नको गो.’’

‘‘चल,’’ मी म्हटलं. ‘‘तात्यांचं नाक आहे हे. कापून घ्यायला नाही दिलेलं.’’

मुरबाड

रात्री सरळगावला मुक्काम केला आणि हळदीच्या सकाळी आमची गाडी सदूच्या दारात उभी राहिली. सदूनं एक पत्रावळ हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, प्रकाशात धरली. त्याचं तोंड खुललं. ‘‘अक्का, जिंकलीस! बश्यांना नको म्हणून सांगतो.’’

‘‘या पाच जणी पहिल्या पंगतीत बसतील. मी शब्द दिलाय.’’

त्याचं तोंड मिटलं. मला बाजूला नेऊन म्हणाला, ‘‘अक्का, तू काय करून बसलीस? त्यांना साडीचोळी देतो. परसात चांगली सतरंजी घालतो, गरम गरम वाढायला लावतो. पण पहिल्या पंगतीत? मुलाचे मामा उठून जातील.’’

‘‘माझ्या लग्नात पानं लावून हिरीबाई गोठ्याकडे जेवली. मामा जाऊ देत उठून.’’

‘‘कुसुमच्या लग्नात? असं बोलू नकोस,’’ तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. दिवसभर तो मला टाळत होता, आणि मी हिरीबाईला.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, पंगत मांडली. पत्रावळींच्या ओळी अशा सुरेख दिसत होत्या की मुंबईकर बायका वाकून वाकून बघत होत्या. मीठ, लिंबू, कोशिंबीर वाढून झाली. पहिल्या ओळीत विहीणबाई, शेजारी मुलाचे मामा. मी दारात हिरीबाईचा हात धरून उभी. सदू पुढं आला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘‘अक्का, परसात त्यांची पानं घेतलीत. चल, तूच ने त्यांना.’’

हिरीबाईनं ऐकलं. तिनं माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मला वाटलं, चालली ही परत. ती चालली खरी, पण मांडवात. सरळ पहिल्या ओळीपाशी गेली, वाकली आणि विहीणबाईंच्या पुढचं पान मीठ-लिंबासकट उचललं. मागोमाग पारू आली. तिनं मामांच्या पुढचं उचललं.

विहीणबाई पाटावर तशाच बसलेल्या, पुढं नुसती रांगोळी.

‘‘अगं, पान का उचललंस माझं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘आमी लावल्यात या पत्रावळी,’’ हिरीबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. ‘‘आमच्यात रीत हाय. ज्यानं पान लावलं, तो त्या मांडवात जेवतो. आमाला हितं जागा नाय, तर आमच्या पानाला कशी आसंल, बाय?’’

मामा लालबुंद होऊन उठायच्या बेतात. सदू पांढराफटक. आणि मी? मी पुढं झाले आणि तिसरं पान उचललं. मीही लावल्या होत्याच की. त्या ओळीत एखादी माझी असणारच.

‘‘अक्का!’’ सदू ओरडला.

‘‘सदू, मी शब्द दिलाय. तो मोडला तर मीही या घरात जेवत नाही. माझंही पान परसात मांड.’’

विहीणबाईंनी हिरीबाईच्या हातातलं पान ओढून घेतलं. मला वाटलं, आता संपलं सगळं. त्यांनी ते उलटं केलं, बोटानं टाके चाचपले. कोशिंबीर सांडली त्यांच्या मांडीवर, तिकडे लक्षच नाही. ‘‘पेणला माझी आजी असा टाका घालायची,’’ त्या म्हणाल्या. मग भावाकडे वळून म्हणाल्या, ‘‘तू रे कोणाला विचारून बश्यांचा निरोप पाठवलास? आणि आता उठतोयस कुठं? बस खाली! सकाळपासून पोटात कण नाही माझ्या.’’ आणि स्वतःचा पाट सरकवत हिरीबाईला म्हणाल्या, ‘‘बस बाई इथं. आणि दे माझं पान मला.’’

मामा बसले. बहिणीपुढं ते बसणारच होते, अशी त्यांची तऱ्हा दिसली.

पाच पाट मी स्वतः आणून मांडले. हिरीबाई विहीणबाईंच्या शेजारी, पारू तिच्या शेजारी, बाकीच्या ओळीनं, शेवटी मी. माझ्यापुढं पारूनं मुद्दाम माझीच ती गळकी पत्रावळ आणून ठेवली. वरण वाढलं आणि सरळ माझ्या नव्या लुगड्यावर आलं. पाची जणी पदर तोंडाला लावून हसत होत्या. तिकडे कुसुम आणि जावई एका पत्रावळीवर घास भरवत होते. त्या पत्रावळीतून थेंब गळला नाही. इतकं चविष्ट वरण मी आयुष्यात जेवले नाही, त्यातलं निम्मं अंगावर गेलं तरी.

जेवणं झाली. हात धुवायला सगळे उठले. सदूनं धोतराचा सोगा खोचला आणि रीतीप्रमाणे उष्टी काढायला वाकला. विहीणबाईंचं पान उचललं, त्यात दुसरं घातलं. मग तो हिरीबाईच्या पानापाशी आला आणि थांबला. वाढपी हातातली भांडी घेऊन थांबले. मामाही बघत होते. हिरीबाई अजून पाटावरच बसलेली, गुडघे धरून, त्याच्याकडे वर बघत.

सदू वाकला. दोन्ही हातांनी तिचं पान उचललं.

‘‘तात्यांच्या वेळचं राहून गेलं होतं, हिरीबाई,’’ तो म्हणाला.

‘‘उचल बाबा, बिनघोर उचल,’’ ती म्हणाली. ‘‘टाके माजे हायेत.’’